मोजणाऱ्या यंत्राची नाडी

जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून, भिंतीलगतच्या एखाद्या टेबलावर, कापडाखाली झाकलेली एक जड निळसर पेटी पुष्कळदा दृष्टीस पडते. तिच्या दर्शनी भागावर वाटोळ्या काचेचा पडदा असतो, त्याच्या खाली आणि बाजूला फिरवायच्या खुंट्यांची दाटी असते आणि पाठीमागे एक पंखा बसवलेला असतो. हा ऑसिलोस्कोप, म्हणजे दोलनदर्शक. सेकंदाच्या लक्षांशात विजेचा दाब कसा चढला आणि कसा उतरला, हे प्रकाशाच्या रेषेने काढून दाखवणारे हे यंत्र होय. एके काळी सगळ्या प्रयोगशाळेचा विश्वास त्याच्यावर असे. आता एखादा जिज्ञासू विद्यार्थी त्याची कळ दाबतो, पंखा घरघरू लागतो, छोटा दिवा लागतो, आणि पडदा मात्र काळाच राहतो.

अशा वेळी पाहणाऱ्याचा पहिला संशय पडद्यावर, म्हणजे किरणनलिकेवर जातो. ती गेली, आता यंत्र संपले, असे ठरवून पेटी भंगाराच्या यादीत टाकली जाते. वस्तुतः असल्या यंत्रांतील बिघाड पुष्कळदा अधिक साध्या जागी असतो. भिंतीतून आलेली वीज यंत्राच्या उपयोगाची करून देणारा जो भाग, त्याला वीजपुरवठा म्हणतात. पेटीच्या मागच्या अर्ध्या भागात तो धूळ खात, तापत आणि राबत असतो. तो अजिबात बंद पडला तर दोष निदान उघड तरी होतो. परंतु तो अर्धवट बिघडला, तर यंत्र चालत राहते आणि चुकीचे आकडे सांगू लागते. मुका साक्षीदार परवडतो, खोटा साक्षीदार परवडत नाही. मोजणाऱ्या यंत्राच्या बाबतीत वीजपुरवठ्याचे निदान इतके महत्त्वाचे का, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

या निदानाला इतिहासाचे साहाय्य लागते. वीजपुरवठ्यातील प्रत्येक घटक कोणत्या तरी दशकात जन्मलेला असतो, त्या दशकाच्या ज्ञानाने आणि त्या दशकाच्या द्रव्यांनी घडलेला असतो, आणि त्या द्रव्याच्या स्वभावानुसारच तो म्हातारा होतो. यंत्र कोणत्या साली बनले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आरोपी कोण असावा याचा अर्धा अंदाज झाकण काढण्यापूर्वीच आलेला असतो.

या कथेचा आरंभ विजेरीपासून करावा लागतो. कार्ल फर्डिनंड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली स्ट्रासबर्ग येथे किरणनलिका तयार केली, आणि १९०४ साली इंग्लंडात जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग याने दोन अग्रांची निर्वात नलिका, म्हणजे ज्याला सामान्यतः व्हॉल्व्ह म्हणतात ती वस्तू, बनवली. या दोहोंपासून पुढची सारी इलेक्ट्रॉनिक विद्या निघाली. नलिकांना मात्र एकाच दिशेने वाहणारा आणि न डचमळणारा प्रवाह हवा असतो. असा प्रवाह विजेरीतून आयता मिळतो. म्हणून १९२० च्या दशकातील रेडिओ विजेऱ्यांवर चालत. या विजेऱ्या महाग असत, जड असत आणि वारंवार बदलाव्या लागत. घराच्या भिंतीत आलेली वीज स्वस्त होती, पण ती सेकंदाला पन्नास किंवा साठ वेळा उलटसुलट वाहणारी. कॅनडात टोरांटो येथे एडवर्ड रॉजर्स याने १९२५ साली भिंतीतील विजेवर थेट चालणारा रेडिओ बाजारात आणला, आणि विजेरीची सद्दी संपण्यास सुरुवात झाली.

विजेरी गेली, पण तिचे काम शिल्लक राहिले. ते आता चार जणांत वाटले गेले. पहिले काम दाब कमीजास्त करण्याचे. ते ट्रान्सफॉर्मर करतो. दुसरे काम उलटसुलट प्रवाह एकाच दिशेने वळवण्याचे. ते एकदिशकारक, म्हणजे रेक्टिफायर करतो. तिसरे काम त्या प्रवाहातील लाटा सपाट करण्याचे. ते कंडेन्सर करतो. चौथे काम अधिक नाजूक आहे. भिंतीतील दाब कमी होवो की जास्त, यंत्राची भूक वाढो की घटो, बाहेर पडणारा दाब तिळमात्र हलू द्यायचा नाही. हे काम नियामकाचे. मोजणाऱ्या यंत्राला या चौथ्याची गरज इतर कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक असते. या चौघांपैकी ट्रान्सफॉर्मर सर्वांत दीर्घायुषी. तांबे आणि लोखंड सहसा सत्तर वर्षांनंतरही शाबूत असतात. बाकीच्यांचे आयुष्य त्यांच्या द्रव्यावर ठरलेले आहे.

कंडेन्सरची गोष्ट प्रथम पाहावी, कारण बहुतेक बिघाडांचे मूळ त्याच्याकडे येते. दोन धातूंचे पत्रे आणि त्यांच्यामध्ये वीज न वाहू देणारा पडदा, एवढीच कंडेन्सरची रचना. पडदा जितका पातळ, तितका साठा मोठा. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर विजेच्या साहाय्याने त्याच्याच गंजाचा, म्हणजे ऑक्साइडचा, अतिशय पातळ थर चढवता येतो आणि तोच पडद्याचे काम करतो, ही कल्पना कारोल पोलाक या पोलिश संशोधकाने १८९६ साली पेटंटासाठी मांडली. त्याच्या कंडेन्सरमध्ये टाकणखाराचा द्राव भरलेला असे. हा थर दाबाच्या प्रत्येक व्होल्टामागे सुमारे सव्वा ते दीड नॅनोमीटर जाडीचा होतो. कागद वापरून जेवढ्या साठ्याला विटेएवढी जागा लागेल, तेवढा साठा या युक्तीने मुठीत मावू लागला. १९२५ साली अमेरिकेत सॅम्युअल रूबेन याने द्रावाने भिजवलेला कागद दोन पत्र्यांमध्ये गुंडाळण्याची पद्धत पुढे आणली. सांडणारी बरणी जाऊन तिच्या जागी बंद डबी आली. पुढच्या प्रत्येक रेडिओत आणि प्रत्येक मापनयंत्रात ही डबी बसली.

परंतु या डबीतच तिच्या अंताचे बीज आहे. तिच्या आतला द्राव रबरी बुचातून वर्षानुवर्षे हळूहळू उडून जातो. जेथे उष्णता अधिक तेथे हा ऱ्हासही अधिक. उष्णतामान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. द्राव आटला की कंडेन्सर वरून जसाच्या तसा दिसतो, पण आत त्याची साठवण्याची शक्ती ओसरलेली असते आणि त्याचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. दुसरी गंमत अशी की यंत्र वापरात नसले तरी ऑक्साइडचा थर विरत जातो. वीस वर्षे कपाटात बंद असलेल्या यंत्राची कळ एकदम दाबली, तर अशा कंडेन्सरमधून भलताच प्रवाह वाहतो, तो तापतो, फुगतो आणि कधीकधी फुटतो. म्हणून जाणता माणूस जुने यंत्र थेट भिंतीतील विजेला जोडत नाही. ज्यातून हवा तेवढाच दाब घेता येतो अशा ट्रान्सफॉर्मरवरून तो दाब काही तासांत पायरीपायरीने चढवतो, म्हणजे तो थर पुन्हा जमण्यास अवधी मिळतो. भारतातील कारागिरांजवळ याच जातीचे एक साधे साधन पिढ्यान्‌पिढ्या आहे, ते म्हणजे सिरीज बल्ब. यंत्राच्या वाटेत तारेचा जुना दिवा जोडायचा. तो मंद राहिला तर ठीक, भगभगून पेटला तर आत कोठे तरी दोन टोके एकमेकांना भिडली आहेत असे समजायचे. या कामाला तापणाऱ्या तारेचाच दिवा लागतो. अलीकडचा एलईडी दिवा येथे निरुपयोगी ठरतो.

एकदिशकारकाची कथा द्रव्यांच्या बदलाची आहे. आरंभी हे काम निर्वात नलिका करीत. १९३० च्या दशकात सेलेनियम या द्रव्याचा थर दिलेल्या चौकोनी पत्र्यांची चळत त्यांच्या जागी येऊ लागली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिलिकॉनचे डायोड स्वस्त होऊ लागले, आणि शेंगदाण्याएवढ्या तुकड्याने त्या चळतीला निवृत्त केले. सेलेनियमच्या पत्र्यांचे म्हातारपण विचित्र असते. ते एकदम मरत नाहीत. त्यांचा स्वतःचा रोध वाढत जातो आणि पुढे जाणारा दाब दरवर्षी थोडाथोडा खाल्ला जातो. शेवटी ते जळतात तेव्हा सडक्या मुळ्यासारखी घाण सुटते, आणि तो धूर विषारी असल्यामुळे खोलीच्या खिडक्या आधी उघडाव्या लागतात. त्यांच्या जागी सिलिकॉनचे डायोड घालताना एक चूक पुष्कळांच्या हातून होते. नवा डायोड दाब जवळजवळ खातच नाही. त्यामुळे पुढच्या कंडेन्सरवर त्याच्या सोसण्यापलीकडचा दाब येतो, आणि एक दोष काढताना दुसरा पेरला जातो. म्हणून डायोडबरोबर योग्य तेवढा रोधही घालावा लागतो. जुन्या घटकाचे दोषसुद्धा मूळ रचनाकाराने हिशेबात धरलेले होते, हे विसरून चालत नाही.

आता नियामकाकडे वळावे. येथे एका विशिष्ट यंत्राचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात पोर्टलंड येथे १९४६ साली हॉवर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनी इतर सहकाऱ्यांसह टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धात रडारने इलेक्ट्रॉनिक विद्येला जी गती दिली, तिचा लाभ घेणारी ही पिढी होती. १९४७ साली त्यांचा ५११ क्रमांकाचा दोलनदर्शक आला. तोपर्यंतची बहुतेक यंत्रे तरंगाचा आकार दाखवीत. या यंत्राने तो आकार किती व्होल्टांचा आणि किती सेकंदांचा, हे मोजून सांगण्यावर भर दिला. १९५० च्या दशकाच्या मध्यास आलेले ५४५ हे त्याच घराण्यातले प्रसिद्ध यंत्र. वजन सुमारे तीस किलो, विजेची भूक पाचशे वॅटच्या आसपास, आणि आत निर्वात नलिकांची रांगच्या रांग.

या ५४५ च्या वीजपुरवठ्यात पाच मुख्य दाब तयार होतात: ऋण १५० व्होल्ट, आणि धन १००, २२५, ३५० व ५०० व्होल्ट. यांपैकी ऋण १५० हा कुटुंबातील कर्ता होय. वायू भरलेली ५६५१ या क्रमांकाची एक लहान नलिका त्याच्यापाशी असते. तिच्यातून प्रवाह थोडा कमीजास्त झाला तरी तिच्या दोन टोकांमधील दाब ऐंशी-नव्वद व्होल्टांच्या दरम्यान एका ठिकाणी स्थिर राहतो. ही या यंत्रातील मोजपट्टी. तिच्याशी ताडून ऋण १५० ठरतो, आणि ऋण १५० शी ताडून बाकीचे चारही ठरतात. शिवाय वरचे काही दाब खालच्या दाबांच्या डोक्यावर रचलेले आहेत. एक खांब खचला की माडीवरच्या सगळ्या खोल्या कलतात.

हा वंशवृक्ष ठाऊक नसलेला माणूस यंत्र उघडतो, मोजणीला सुरुवात करतो, आणि त्याला पाचही दाब चुकलेले आढळतात. तो घाबरतो, पाच बिघाड आहेत असे त्याला वाटते. ज्याला तो ठाऊक आहे तो प्रथम ऋण १५० पाहतो. तो ठीक होईपर्यंत इतर कोणाकडेही लक्ष द्यायचे नाही, हा नियम. पुष्कळदा तो एक सुधारला की उरलेले चौघे आपोआप जागेवर येतात.

तत्पूर्वीचीही काही पथ्ये आहेत. पहिले पथ्य भिंतीसंबंधीचे. हे यंत्र मुळात ११७ व्होल्टांच्या देशातले. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांची जोडणी बदलून ते २३४ व्होल्टांवर चालवता येते. ती जोडणी तपासल्यावाचून भारतातील २३० व्होल्टांच्या विजेला ते जोडले, तर फ्यूज उडणे हे त्यातल्या त्यात भाग्याचे लक्षण. जोडणी बरोबर असली तरी भिंतीतील दाब साधारण २१० च्या खाली उतरला की नियामकांची ताकद संपते आणि पडद्यावरची रेषा थरथरू लागते. संध्याकाळी दाब उतरत असेल तर दोष यंत्राचा नसून वाहिनीचा असतो. दुसरे पथ्य कानाचे. कळ दाबल्यावर नलिकांचे तंतू तापेपर्यंत मोठे दाब रोखून धरणारा एक कालविलंबी रिले या यंत्रात आहे. साधारण अर्ध्या मिनिटाने त्याचा ‘खट्’ असा आवाज आला पाहिजे. पंखा फिरतो, तंतू लालसर दिसतात, पण तो आवाज येत नाही, असे असेल तर शोध तेथेच सुरू होतो.

तिसरे पथ्य लाटेसंबंधीचे आहे. वीजपुरवठ्यातून बाहेर पडणाऱ्या दाबावर थोडी लहर उरलेली असली, तर दुसऱ्या चांगल्या दोलनदर्शकावर ती पाहावी आणि तिची गती मोजावी. भारतातील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. एकदिशकारक तिच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरीत असल्यामुळे त्याच्या मागची स्वाभाविक लहर शंभराची असते. लहर शंभराची आणि मोठी असेल, तर ती सपाट करणारा कंडेन्सर आटला आहे किंवा नियामक थकला आहे. तीच लहर पन्नासाची असेल, तर एकदिशकारकाची एक बाजू निकामी झालेली असते किंवा एखाद्या नलिकेच्या तंतूतून वीज झिरपत असते. वैद्याने नाडीचे ठोके मोजून रोगाची जात ओळखावी, तसा हा प्रकार. दोन आकड्यांतील फरकाने संशयितांची यादी अर्ध्यावर येते, आणि त्यासाठी एकही घटक काढावा लागत नाही.

या शोधात सर्वांत मोठे साहाय्य होते ते यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकाचे. त्या काळच्या पुस्तकात संपूर्ण विद्युत्‌-आराखडा, प्रत्येक भाग काय करतो याचे सविस्तर विवेचन, कोणत्या बिंदूवर किती व्होल्ट असावेत याचे आकडे आणि दुरुस्तीचा क्रम छापलेला असे. त्यातच ताकीद असे की ऋण १५० चा स्क्रू उगाच फिरवू नये, कारण तो हलला की साऱ्या यंत्राची मापे पुन्हा जुळवावी लागतात. इतकेच नव्हे, तर यंत्राच्या पोटात चिनीमातीच्या पट्ट्यांवर घटक जोडलेले असत आणि त्या पट्ट्यांना सोसेल अशा, चांदीचा अंश असलेल्या डाखाची एक छोटी गुंडाळी कारखान्यातूनच आत ठेवलेली असे. यंत्र कधी तरी बिघडणार, आणि ते दुरुस्त करणारा माणूस हजारो मैल दूर असणार, हे निर्मात्याने गृहीत धरले होते. त्या अनोळखी माणसावर त्याने विश्वास ठेवला होता.

तो अनोळखी माणूस भारतातही होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात विज्ञानाच्या नव्या संस्था उभ्या राहत होत्या. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकात सुमारे २७०० निर्वात नलिका होत्या, आणि त्या सर्वांना अहोरात्र स्थिर दाब पुरवायचा होता. बंगलोरला भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ साली, तर हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया १९६७ साली स्थापन झाली. परंतु १९५७-५८ च्या सुमारास परकीय चलनाची तीव्र टंचाई निर्माण झाली आणि आयातीवर कडक बंधने आली. परदेशातून नवे यंत्र आणणे अवघड, सुटे भाग मागवणे त्याहून अवघड. अशा काळात दुरुस्ती ही गरज होऊन बसते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, कलकत्त्याची चांदनी, मद्रासची रिची स्ट्रीट आणि बंगलोरचा एस. पी. रोड या बाजारांनी मोडक्या यंत्रांतून काढलेल्या सुट्या भागांच्या आधारावर कितीतरी यंत्रे जिवंत ठेवली. या कारागिरांपैकी फारच थोड्यांची नावे कोठे नोंदली गेली असतील.

१९७० च्या सुमारास वीजपुरवठ्याची रचनाच पालटली. भिंतीतील वीज प्रथम एकदिश करून घ्यायची, मग तिला सेकंदाला हजारो वेळा तोडायची-जोडायची आणि छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून काढायची, ही नवी पद्धत मोठ्या मापनयंत्रांतही आली. वजन घटले, उष्णता घटली. त्याबरोबर रोगही बदलले आणि त्यांची लक्षणेही. या नव्या पुरवठ्याला बाहेर कोठे तरी दोन टोके भिडल्याचे जाणवले की तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, क्षणभराने पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद होतो. कान देऊन ऐकले तर घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. अननुभवी माणसाला वाटते, वीजपुरवठा बिघडला. वस्तुतः तो शुद्धीवर असतो आणि दोष पुढे आहे असे सांगत असतो. पुष्कळदा तो दोष टँटलमच्या थेंबाएवढ्या कंडेन्सरचा निघतो. ॲल्युमिनियमचा कंडेन्सर आटून मरतो. टँटलमचा मात्र एकाएकी आरपार जुळून जातो आणि प्रसंगी जळून काळा पडतो. एकेक शाखा सोडवून पाहिली, की ज्या शाखेपाशी टिकटिक थांबते तेथे तो सापडतो.

त्याच पिढीच्या यंत्रांत विजेच्या तारेच्या प्रवेशद्वाराशी, कर्कश उपद्रव गाळण्यासाठी, धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचे आणि पारदर्शक राळेत बंद केलेले कंडेन्सर बसवलेले आढळतात. वर्षे लोटली की राळेला बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा शिरते, आणि एखाद्या दिवशी कळ दाबताच खोली दाट, घाणेरड्या धुराने भरते. मोसमी हवेच्या देशात हे आणखी लवकर घडावे यात नवल नाही. १९९० च्या सुमाराच्या यंत्रांत आणखी वेगळा रोग दिसतो. तक्त्याच्या पृष्ठभागावर चिकटवलेले चिमुकले ॲल्युमिनियमचे कंडेन्सर खालून झिरपतात आणि त्यांचा द्राव तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. पुढे १९९९ ते २००७ या काळात सदोष द्राव भरलेल्या कंडेन्सरांनी जगभर असंख्य संगणक अकाली बंद पाडले. यंत्राच्या पाठीवरचे साल वाचून संशयित ठरवण्याची पद्धत किती खरी, हे त्या प्रकरणाने आपल्या काळातही दाखवून दिले.

या साऱ्या विद्येवर एका गोष्टीचे सावट आहे, आणि तिचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. जुन्या दोलनदर्शकात ५०० व्होल्ट ही अगदी नित्याची गोष्ट आहे, आणि किरणनलिकेच्या दोन टोकांमध्ये एकूण दहा हजार व्होल्ट असतात. तार भिंतीतून काढल्यावरही मोठे कंडेन्सर आपला साठा बराच वेळ धरून ठेवतात. झाकण काढणाऱ्याने प्रथम योग्य रोधातून तो साठा उतरवावा, उतरला की नाही हे मोजून पाहावे, आणि चालू यंत्रात मोजताना एक हात खिशात ठेवावा, ही जुन्या कारागिरांची शिकवण आहे. दोन्ही हात आत असतील तर विजेची वाट छातीतून जाते. ज्याने ही शिकवण प्रत्यक्ष कोणा जाणत्याजवळ उभे राहून घेतलेली नाही, त्याने एकट्याने झाकण काढू नये.

आता शेवटचा प्रश्न उरतो. इतके कष्ट कशासाठी? आजची यंत्रे हलकी आहेत, स्वस्त आहेत आणि अधिक वेगवान आहेत. उपयुक्ततेचा हिशेब केला तर तीस किलोची ती पेटी हरते. तथापि त्या पेटीत एक गोष्ट आहे ती नव्या यंत्रांत क्वचित आढळते. तिच्यातील प्रत्येक घटक डोळ्यांनी दिसतो, प्रत्येक दाब कोठून आला हे बोटाने दाखवता येते. आजचा विद्यार्थी अनेकदा ज्या आकड्यावर विश्वास ठेवतो, तो आकडा कशाच्या आधारावर उभा आहे हे त्याला पाहता येत नाही. आत काय आहे हे सांगणारे पुस्तकही आता सहसा मिळत नाही. जुनी पुस्तके मात्र अनेक देशांतील हौशी मंडळींनी पानापानाचे छायाचित्र घेऊन जपली आहेत, आणि ती कोणालाही वाचता येतात.

म्हणून प्रयोगशाळेतील ती निळसर पेटी भंगारात देण्यापूर्वी तिच्या पाठीवरचे साल वाचावे. जाणत्याच्या देखरेखीखाली तिला सिरीज बल्बमधून जोडावे, अर्ध्या मिनिटाने रिलेचा आवाज येतो का हे ऐकावे, आणि मग ऋण १५० मोजावा. तो १५० नसून १३० निघाला, तर तो का उतरला याचा माग काढताना विद्यार्थी ५६५१ च्या छोट्या नलिकेपाशी, सेलेनियमच्या थकलेल्या पत्र्यांपाशी आणि पोलाकच्या ऑक्साइडच्या थरापाशी पोचतो. दोष सापडून पडद्यावर पुन्हा रेषा उमटली, तर तिच्याविषयी त्याला खात्रीने सांगता येते की ती किती व्होल्टांची आहे, आणि हे विधान कशाच्या जोरावर केले आहे. मोजमापाची विद्या एवढेच मागते, की आकडा सांगणाऱ्याला त्या आकड्याचा आधार ठाऊक असावा.